संकेतस्थळावर येणाऱ्यांची वैयक्तिक माहिती कशी हाताळावी: लहान कंपन्यांसाठी मार्गदर्शन

लहान कंपनीचे संकेतस्थळ सांभाळण्याचे काम बहुधा अशा माणसाकडे येते, ज्याची नेमणूक मुळात दुसऱ्याच कामासाठी झालेली असते. तो हिशेब पाहणारा असतो, विक्री सांभाळणारा असतो किंवा मालकाच्या घरातलाच कॉम्प्युटर येणारा कोणीतरी असतो. पेमेंट गेटवेवाल्यांनी (ऑनलाइन पैसे घेण्याची सोय देणाऱ्यांनी) ‘गोपनीयता धोरणा’चे पान मागितले आहे, तेवढे टाकून द्या, असे त्याला एक दिवस सांगितले जाते. मग दुसऱ्या कोणाच्या तरी संकेतस्थळावरचे पान उचलले जाते, त्यातले कंपनीचे नाव बदलले जाते आणि काम झाले असे सगळे समजतात. हा लेख त्या माणसासाठी आहे. त्याला माझे पहिले सांगणे असे, की धोरणाचे पान सगळ्यात शेवटी लिहायचे असते. उचललेल्या पानात ‘आम्ही आपली माहिती कोणालाही देत नाही’ असे वाक्य असेल आणि तुमची कंपनी रोज सकाळी कुरिअरवाल्याला पत्त्यांची यादी पाठवत असेल, तर ते पान म्हणजे कंपनीने स्वतःच्या नावाने केलेले खोटे विधान ठरते. ग्राहकाने उद्या त्यावर बोट ठेवले, तर उत्तर देताना तोंड लपवावे लागेल.

सगळे विवेचन एका उदाहरणावर बेतले तर समजायला सोपे जाईल. समजा, तुमची कंपनी देवगड-रत्नागिरी भागातला हापूस थेट ग्राहकांना विकते. संकेतस्थळावर डझनाप्रमाणे पेट्यांची मागणी नोंदवता येते आणि पुणे, मुंबई, नाशिककडे माल कुरिअरने जातो. परदेशात राहणारी मुले गावाकडच्या आईवडिलांना पेटी पाठवतात, आणि हंगाम संपल्यावर आमरस, आंबापोळी, कोकम अशी विक्री चालू राहते. तुमचा व्यवसाय वेगळा असला तरी कामाचा क्रम हाच राहील.

कायदा आज कुठे उभा आहे

खासगीपणा हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातून येणारा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने दिला. त्यानंतर समित्या आणि विधेयकांचे मसुदे असा मोठा प्रवास होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हे सगळे एकदम लागू झालेले नाही. भारतीय डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेशी संबंधित तरतुदी लगेच अमलात आल्या, तर सूचना, संमती, सुरक्षितता, माहिती पुसणे या कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. अधिसूचनेप्रमाणे ती मे २०२७ मध्ये संपते.

तोपर्यंत काहीच बंधन नाही, असा अर्थ मात्र काढू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम तोवर चालू आहेत. माहिती गोळा करणाऱ्याने आपले गोपनीयता धोरण संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क द्यावा आणि तक्रार महिन्याभरात निकाली काढावी, असे त्या नियमांत स्पष्ट आहे. ‘आमची कुठे कंपनी आहे, आमची तर घरगुती पेढी’ हा बचावही इथे चालत नाही, कारण त्या कलमाच्या व्याख्येत भागीदारी पेढी आणि एकट्या मालकाचा धंदाही धरलेला आहे.

नव्या कायद्यातल्या दंडाचे आकडे मोठे आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत आणि माहिती फुटल्याचे न कळवल्याबद्दल २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कमाल मर्यादा आहेत, आणि चुकीचे स्वरूप, गांभीर्य व कालावधी पाहून मंडळ रक्कम ठरवणार आहे. त्या आकड्यांनी घाबरून जावे असे मला वाटत नाही. पण एखाद्या वयस्क ग्राहकाचा पत्ता, मोबाइल नंबर आणि त्याने कधी काय मागवले ही माहिती भामट्याच्या हाती गेली, तर ‘तुमची पेटी अडकली आहे, या लिंकवर पैसे भरा’ असा फोन त्यालाच येतो. ज्याने तुमच्यावर विश्वासून पत्ता दिला त्याचे नुकसान होऊ नये, हे कारण दंडापेक्षा मोठे आहे.

पायरी पहिली: काय काय गोळा होते, त्याची यादी

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यावा. एक साधी वही किंवा एक्सेलची शीट घ्यावी आणि पाच रकाने आखावेत: कोणती माहिती, कुठून येते, कशासाठी लागते, कोणाकोणाला दिसते आणि कधी पुसली जाते. शेवटचा रकाना सुरुवातीला जवळपास रिकामाच राहील, आणि ते ठीक आहे.

माहिती तीन वाटांनी येते. पहिली वाट उघड आहे: माणूस स्वतः फॉर्ममध्ये भरतो ती. नाव, मोबाइल, ईमेल, पत्ता, पिनकोड, ‘काही सूचना असल्यास लिहा’ या चौकटीतला मजकूर. या शेवटच्या चौकटीकडे नीट पाहा. लोक तिथे ‘दुपारी बाबा एकटेच घरी असतात, बेल जोरात वाजवा’ किंवा ‘आईला मधुमेह आहे, कमी गोड फळ पाठवा’ असेही लिहितात. तुम्ही न मागता घरची आणि तब्येतीची माहिती तुमच्याकडे आली, आणि ती आता तुमची जबाबदारी झाली.

दुसरी वाट सर्व्हरची आहे. कोणीही पान उघडले की सर्व्हर आपल्या लॉगमध्ये एक ओळ लिहून ठेवतो. ती साधारण अशी वाचता येते: २०३.०.११३.४५ हा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक), १२ एप्रिल, रात्री ११ वाजून ४२ मिनिटे, ‘पाच डझन हापूस’ हे पान, पान मिळाले याची २०० ही खूण, आधी कोणत्या पानावरून आला ते, आणि मोबाइलवरचा कोणता ब्राउझर ते. या ओळीत नाव नाही. पण त्याच मिनिटाला त्याच पत्त्यावरून एक मागणी नोंदवली गेली असेल, तर दोन नोंदी शेजारी ठेवल्याबरोबर माणूस ओळखू येतो. ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भाने एखादी व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशीच कायद्याची व्याख्या आहे. त्यामुळे लॉगही यादीत घ्यावा.

तिसरी वाट नवख्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटते. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने पानात बाहेरच्या कंपन्यांचे कोडचे तुकडे बसवलेले असतात: भेटी मोजणारे गूगल ॲनालिटिक्स, फेसबुकच्या जाहिरातींसाठीचा पिक्सेल, बागेचा यूट्यूब व्हिडिओ, दुकानाचा नकाशा, कोपऱ्यातला चॅटचा गोळा, इतकेच काय बाहेरून मागवलेला फॉन्ट. पान उघडताच यातला प्रत्येक तुकडा त्या त्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि पाहुण्याचा आयपी पत्ता तिकडे पोचतो. फॉन्टचे नाव ऐकून आश्चर्य वाटेल, पण म्यूनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी, म्हणजे गूगलचा फॉन्ट थेट त्यांच्या सर्व्हरवरून मागवून पाहुण्याचा आयपी पत्ता विनासंमती पाठवल्याबद्दल, एका संकेतस्थळाच्या चालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली होती. फॉन्टच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्या की तो प्रश्नच उरत नाही, आणि पानही बहुधा लवकर उघडते.

हे तुकडे शोधण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. कॉम्प्युटरवर क्रोम उघडून गुप्त (इनकॉग्निटो) विंडो घ्यावी, आपले संकेतस्थळ उघडावे आणि एफ-१२ ही कळ दाबावी. उघडलेल्या पट्टीत ‘नेटवर्क’ हा भाग निवडून पान पुन्हा लोड केले, की पानाने कोणकोणत्या पत्त्यांशी संपर्क साधला त्याची यादी खाली सरकत जाते. तुमच्या स्वतःच्या नावाचे नसलेले सगळे पत्ते लिहून घ्यावेत. त्यानंतर ‘ॲप्लिकेशन’ या भागात जाऊन ‘कुकीज’, म्हणजे संकेतस्थळांनी पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, उघडाव्यात. तिथे प्रत्येक कुकीचे नाव आणि तिची मुदत दिसते. खरेदीची टोपली लक्षात ठेवणारी कुकी ब्राउझर बंद करताच किंवा थोड्या दिवसांत संपते, तर गूगल ॲनालिटिक्सची मुख्य कुकी काही बदल न केल्यास दोन वर्षांची असते. हे काम मुख्य पान, मागणीचे पान आणि संपर्काचे पान अशा तिन्ही ठिकाणी करावे, कारण तुकडे सगळीकडे सारखे नसतात.

यादी इथे संपत नाही. माहिती संकेतस्थळातून बाहेर पडून कुठे जाते, तेही पाहावे लागते. मागण्यांची एक्सेल फाइल पॅकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते का? त्या ग्रुपमध्ये मागच्या हंगामात सोडून गेलेली मुले अजून आहेत का? कुरिअरच्या पोर्टलवर, एसएमएस पाठवणाऱ्या एजन्सीकडे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय जाते? पॅकिंग शेडमध्ये पत्त्यांची यादी छापून भिंतीला चिकटवतात का, आणि संध्याकाळी त्या कागदाचे काय होते? छापील यादीचे रद्दी झालेले कागद पेंढ्याबरोबर पेटीच्या तळाशी घातले गेले, तर एका ग्राहकाच्या घरी दुसऱ्या तीस ग्राहकांचे पत्ते आणि नंबर पोचतात. हे शोधायला शेडमध्ये जाऊन उभे राहावे लागते. टेबलाशी बसून ते दिसत नाही.

पायरी दुसरी: छाटणी

यादी झाली की प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: ही माहिती नसती तर कोणते काम अडले असते? उत्तर देता आले नाही, तर ते रकाने फॉर्ममधून काढून टाकावेत. जन्मतारीख ‘वाढदिवसाला शुभेच्छा पाठवू’ म्हणून मागितलेली असते आणि शुभेच्छा कधीच जात नाहीत. लिंग, व्यवसाय, दुसरा मोबाइल नंबर हेही सवयीने आलेले रकाने आहेत. आंब्याच्या पेटीसाठी आधार क्रमांक मागण्याचे तर कोणतेही कारण नाही. नुसते दर पाहायला आलेल्या माणसाला नाव-नंबर भरायला लावू नये. पोच होते की नाही एवढेच त्याला विचारायचे असेल, तर पिनकोड पुरतो.

कायद्याची भूमिकाही हीच आहे. संमती दिली तरी ती ठरलेल्या कामाला आवश्यक असलेल्या माहितीपुरतीच धरली जाते. कायद्यात त्याचे एक उदाहरणच दिले आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने मोबाइलमधली संपर्कयादीही मागितली आणि वापरणारीने दोन्हींना होकार दिला, तरी संपर्कयादी त्या सेवेला आवश्यक नसल्यामुळे तिची संमती वैद्यकीय सल्ल्यापुरतीच मानली जाईल. म्हणजे जास्तीची माहिती घेऊन ठेवण्यात फायदा काहीच नाही, सांभाळण्याचा भार मात्र तुमच्यावर.

कार्डाच्या माहितीबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम स्वच्छ आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क यांच्याखेरीज व्यवहाराच्या साखळीतल्या कोणालाही कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. पैसे भरण्याचे पान गेटवेचेच असू द्यावे. काही ग्राहक, विशेषतः वयस्क मंडळी, फोनवर कार्डाचा क्रमांक सांगू लागतात. तो लिहून घ्यायचा नाही, हे फोन घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे.

भेट म्हणून पाठवलेल्या पेटीचा विचार वेगळा करावा लागतो. मागणी नोंदवणारी मुलगी न्यू जर्सीत असते आणि नाव, पत्ता, मोबाइल असतो कोथरूडमधल्या तिच्या वडिलांचा. वडिलांनी तुमच्या संकेतस्थळाला काहीच दिलेले नाही. त्यांचा नंबर फक्त पेटी पोचवण्यासाठी वापरावा आणि जाहिरातीच्या यादीत तो कधीही घालू नये. प्रत्यक्षात बहुतेक सॉफ्टवेअर सगळे नंबर एकाच यादीत टाकते, त्यामुळे मागणी नोंदवणारा आणि माल घेणारा हे दोन रकाने वेगळे ठेवण्याची सोय संकेतस्थळ करणाऱ्याकडून मुद्दाम करून घ्यावी.

पायरी तिसरी: सूचना आणि संमती

छाटणीनंतर जे उरते त्याबद्दल माणसाला आधी सांगायचे आणि मग विचारायचे. कायद्याला अपेक्षित असलेली संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती असताना दिलेली, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे, आणि आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजेही होकार नव्हे. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट-४९ खटल्यात आधीच टिक केलेल्या चौकटीबद्दल हाच निर्णय दिला होता.

सूचना नियमांप्रमाणे स्वतंत्रपणे वाचून समजेल अशी हवी. तीस कलमी अटींच्या पोटात दडवलेली चालत नाही. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, संमती मागे कशी घ्यायची, हक्क कसे वापरायचे आणि मंडळाकडे तक्रार कशी करायची, एवढे तीत यावे. ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यावा लागतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे आणि कोकणीही आहे. मराठी ग्राहकांना मराठीतून माल विकणाऱ्या कंपनीने संमती मात्र इंग्रजीतून घ्यावी, हे मला मुळीच पटत नाही. मागणीच्या फॉर्मखाली पुढीलप्रमाणे मजकूर ठेवता येईल:

‘आपली पेटी पोचवण्यासाठी आम्ही आपले नाव, पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर घेतो. ही माहिती आमच्या पॅकिंग विभागाला आणि पेटी आणून देणाऱ्या कुरिअर कंपनीला दिसते. बिलाची नोंद कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत राहते. संमती मागे घ्यायची असल्यास, माहिती पाहायची, दुरुस्त करायची किंवा पुसायची असल्यास खालील ईमेलवर लिहावे किंवा “माझी माहिती” या पानावर जावे. आमच्या उत्तराने समाधान न झाल्यास भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते. त्याची लिंक त्याच पानावर आहे.’

त्याखाली एक रिकामी चौकट: ‘पुढच्या हंगामाचे दर मला व्हॉट्सॲपवर कळवावेत.’ ही चौकट ऐच्छिक असावी आणि ती टिक न करताही मागणी पूर्ण व्हावी. ज्याने टिक केली त्याला ‘बंद’ एवढा शब्द पाठवून बाहेर पडता यावे, कारण संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे कायदा म्हणतो. होकाराचे बटण मोठे हिरवे आणि नकाराचे फिकट, किंवा ‘नको, मला चांगला आंबा नको आहे’ अशी नकार देणाऱ्याला शरमिंदे करणारी वाक्ये टाळावीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या मांडण्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि लाजवून होकार घेणे त्यांत मोडते.

कुकींचेही तेच. टोपली आणि लॉगिन चालवणाऱ्या कुकी कामाला आवश्यक आहेत. भेटी मोजणाऱ्या आणि जाहिरातीच्या कुकी होकार मिळाल्यावरच सुरू व्हाव्यात. पुष्कळ संकेतस्थळांवर कुकींना होकार-नकार विचारणारी पट्टी दिसते, पण ‘नको’ म्हटले तरी पिक्सेल आधीच चालू झालेला असतो. एफ-१२ दाबून हे तपासता येते आणि तपासावेच.

जुन्या ग्राहकांचे काय, हा प्रश्न लगेच येतो. कायदा लागू होण्यापूर्वी ज्यांनी संमती दिली त्यांना शक्य तितक्या लवकर अशी सूचना पाठवायची आहे, आणि त्यांनी संमती मागे घेईपर्यंत वापर चालू ठेवता येतो. पण ज्यांचा नंबर प्रदर्शनातल्या वहीतून किंवा कोणाच्या तरी फॉरवर्ड केलेल्या यादीतून आला, त्यांनी संमती दिलेलीच नव्हती. ती यादी पुसून टाकावी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवणाऱ्या वा त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. आंब्याच्या दुकानात हा प्रसंग क्वचित येईल, पण शाळकरी मुलांसाठी चित्रकला स्पर्धा ठेवून संकेतस्थळावर प्रवेशिका मागवल्या, की तो लगेच येतो.

पायरी चौथी: राखण

माहिती फुटण्याचे कारण बहुतेक लहान कंपन्यांत एखादा हुशार हॅकर नसतो. सगळ्यांना माहीत असलेला एकच पासवर्ड असतो. म्हणून प्रत्येकाचे लॉगिन वेगळे ठेवावे, दुहेरी पडताळणी (पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोडही मागणारी) सुरू करावी आणि हंगामी माणूस काम सोडतो त्याच संध्याकाळी त्याचे लॉगिन बंद करावे. पॅकिंग करणाऱ्याला नाव, पत्ता आणि नग दिसले की पुरे. ईमेल आणि मागच्या तीन वर्षांची खरेदी त्याला दिसण्याची गरज नाही. संकेतस्थळ एचटीटीपीएसवर, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीवर, असावे. त्याचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेकडून फुकट मिळते, त्यामुळे खर्चाची सबब राहत नाही. व्हॉट्सॲपवर एक्सेल पाठवण्याऐवजी लॉगिन करून पाहता येणारी यादी वापरावी. नियमांत एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करणे) किंवा माहिती झाकण्याची सोय, कोणाला काय दिसावे यावर नियंत्रण, बॅकअप आणि कोणी काय पाहिले याचे लॉग किमान एक वर्ष ठेवणे या गोष्टी सांगितल्या आहेत.

होस्टिंग (संकेतस्थळ ज्यांच्या सर्व्हरवर आहे ते), कुरिअर, एसएमएस एजन्सी यांच्याशी लेखी करार असावा. त्यांच्या हातून चूक झाली तरी ग्राहकापुढे जबाबदार तुम्हीच राहता, असे कायद्याचे आठवे कलम सांगते. ‘कुरिअरवाल्यांनी केले’ हे उत्तर पुरेसे नाही.

पायरी पाचवी: किती काळ ठेवायची

आता वहीतला तो शेवटचा रकाना भरावा. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसरा कोणताही कायदा ती ठेवायला सांगत नसेल, तर ती पुसायची, हे मूळ सूत्र आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या कंपनीला हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षीचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात, म्हणून बिले राहतील. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि नव्या नियमांत वैयक्तिक माहिती आणि तिचे लॉग किमान एक वर्ष ठेवायला सांगितले आहे. तेव्हा एक वर्ष हीच मुदत धरून चालावे. अर्धवट सोडलेल्या टोपल्या, ‘दर काय?’ एवढे विचारून गेलेल्यांचे नंबर, सूचनांच्या चौकटीतला घरगुती मजकूर हे मात्र तुमच्या रोजच्या कामातून हंगाम संपताच बाजूला काढावेत आणि नियमांनी सांगितलेले किमान वर्ष उलटले की पुसावेत. गूगल ॲनालिटिक्समध्ये वापरकर्त्यांच्या पातळीवरची माहिती दोन महिने ठेवायची की चौदा, हे सेटिंगमध्ये निवडता येते, दोन पुरतात.

पुसताना बॅकअप, ईमेलला जोडलेल्या फाइली आणि मोबाइलच्या डाउनलोडमध्ये पडलेल्या एक्सेल शीट विसरू नयेत. बहुतेक वेळा माहिती मागे उरते ती तिथेच.

कोणी आपली माहिती मागितली तर

ग्राहकाला आपली कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते पाहण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, पुसून घेण्याचा, तक्रार करण्याचा आणि आपल्या पश्चात हे हक्क वापरण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नामनिर्देशित करण्याचा हक्क आहे. तक्रारीचे निवारण जास्तीत जास्त नव्वद दिवसांत व्हावे असे नवे नियम म्हणतात. आज लागू असलेली मुदत एक महिन्याची आहे. लहान कंपनीला आठवडाही पुरतो. ओळख पटवण्यासाठी आधारची प्रत मागवू नये, कारण एक माहिती पुसण्यासाठी दुसरी जास्त नाजूक माहिती गोळा करणे उलटेच होईल. नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला की काम होते. ‘बिलाची नोंद आणि नियमांनी सांगितलेली वर्षभराची माहिती ठेवावी लागते, बाकी सर्व आज पुसले’ असे स्पष्ट उत्तर द्यावे आणि विनंतीची तारीख व केलेली कृती वहीत लिहून ठेवावी.

माहिती फुटली तर

त्या दिवशी विचार करत बसायला वेळ नसतो, म्हणून हा कागद आधीच तयार करून ठेवावा. प्रथम पासवर्ड बदलावेत आणि बाधित लॉगिन बंद करावे, पण लॉग पुसू नयेत, कारण नेमके काय गेले हे त्यांवरूनच कळते. सर्ट-इनला घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचे आहे. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर मंडळाला विनाविलंब कळवून बहात्तर तासांत तपशीलवार माहिती द्यावी लागेल, आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकालाही विनाविलंब सांगावे लागेल: काय घडले, त्याचा काय परिणाम होऊ शकतो, तुम्ही काय केले, त्यांनी काय काळजी घ्यावी आणि कोणाशी बोलावे. ‘आमच्या नावाने पैसे मागणारा फोन आल्यास देऊ नका’ हे वाक्य त्यात पहिले असावे. गोष्ट दाबून ठेवण्याचा मोह होतो, परंतु ग्राहकाला वेळीच सावध केले तर त्याचे पैसे वाचतात.

आता धोरण लिहा

वही तयार असली, की धोरणाचे पान एका दुपारी लिहून होते. वहीतल्या प्रत्येक ओळीचे एक वाक्य करायचे. बाहेरच्या कंपन्यांची नावे स्पष्ट लिहावीत; ‘विश्वासू भागीदार’ असे मोघम शब्द वापरू नयेत. ‘आपला खासगीपणा आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे’ अशी सुरुवात न करता सरळ काय घेता ते सांगावे. प्रश्नांची उत्तरे देऊ शकणाऱ्या व्यक्तीचा संपर्क ठळकपणे द्यावा आणि तो ईमेल कोणीतरी रोज उघडतो याची खात्री करावी. पानावर तारीख घालावी. नवे प्लगइन (संकेतस्थळाला जोडलेला बाहेरचा प्रोग्राम) किंवा नवी कुरिअर कंपनी आली, की आधी वही बदलावी, मग पान.

परदेशातले ग्राहक

युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि संघात कार्यालय नसलेल्या कंपनीलाही तो लागू शकतो. पण संकेतस्थळ जर्मनीतून नुसते उघडता येते एवढ्याने तो लागू होत नाही. तिथल्या लोकांना माल वा सेवा देण्याचा तुमचा इरादा दिसावा लागतो. युरोतले दर, तिकडची घरपोच सेवा, तिकडच्या लोकांना उद्देशून केलेली जाहिरात या त्या इराद्याच्या खुणा मानल्या जातात. फ्रँकफर्टमधल्या एखाद्या मराठी मुलाने आपणहून रुपयांत पैसे भरून सांगलीच्या घरी पेटी पाठवली, ही एक गोष्ट. ‘जर्मनीत घरपोच हापूस’ असे पान काढून तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गटात जाहिरात करणे ही वेगळी. दुसऱ्या प्रकारात त्या कायद्याची सगळी बंधने येतात, आणि माहितीची हाताळणी प्रासंगिक नसेल तर संघातल्या एखाद्या देशात प्रतिनिधी नेमण्याचेही. ब्रिटनचा कायदा याच धर्तीवरचा असला तरी वेगळा आहे, त्यामुळे तिथला प्रतिनिधी वेगळा लागतो. परदेशी घरपोच सेवेचा हिशेब मांडताना विमानभाड्याच्या आणि निर्यातीआधी फळांवर करायच्या बाष्पप्रक्रियेच्या खर्चाशेजारी या प्रतिनिधीच्या वार्षिक शुल्काची आणि वकिलाच्या सल्ल्याची ओळ घालावी, आणि दर त्यानंतर ठरवावेत.